सगळ्यात हळू जाणारी

१२ जानेवारी, रविवार

काल पेनसिल्व्हेनियातल्या टेकडीवर स्कीइंगला गेलो होतो. आज पोटऱ्या दुखताहेत, पण मी एकदाही पडले नाही. हा माझा स्कीइंगचा दुसरा हिवाळा, आणि गेल्या हिवाळ्यातही मी पडल्याचं मला आठवत नाही. सावनी मात्र सारखी पडत होती. वरून येताना मला तिचे निळे हातमोजे बर्फात कुठे ना कुठे वर झालेले दिसायचे. मी खाली पोचले तेव्हा सावनी, रुही आणि कबीर बाकावर बसून गरम कोको पीत होती. सावनी दमली असणार, म्हणून थांबले असतील.

तिथेच रुहीने स्नोकॅटचा विषय काढला. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी मोठी गाडी असते. जिथे वर नेणाऱ्या खुर्च्यांची लिफ्ट नाही अशा डोंगरावर ती चढते, आणि कुणी न तुडवलेल्या बर्फातून गाइडच्या मागोमाग खाली यायचं. खाली गाडी पुन्हा घ्यायला येते. मार्चमध्ये रुहीला तीस पूर्ण होतील, तेव्हा आपण चौघांनी जायचं, असं तिच्या मनात आहे. तिने दोन ट्रिप शोधल्यात. एक कोलोरॅडोची, उंच आणि तीव्र उतारांची. तिथे जायचं तिच्या डोक्यात कॉलेजपासून आहे. दुसरी आयडाहोची, पसरट उतारांची, तिथे शिकवतातसुद्धा.

"कृष्णा, तू ठरव ना," ती म्हणाली. "तुझं रिसर्च पक्कं असतं."

हे ऐकून फार बरं वाटलं. हल्ली रुहीचं सगळं सावनीबरोबर चालतं. खरं तर रुही आधी माझी मैत्रीण. मी इथे व्हर्जिनियात, हर्नडनला नोकरीला आले त्या हिवाळ्यात माझ्याकडे धड कोटसुद्धा नव्हता. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात माझी तिची ओळख झाली आणि दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचं लाल जॅकेट आणून दिलं. काल ते लाल जॅकेट घालून मी कारमध्ये मागे कबीरशेजारी बसले होते. कबीर म्हणजे रुहीचा मावसभाऊ, शाळेत विज्ञान शिकवतो. पुढे रुही आणि सावनी. सावनी माझी रूममेट आहे. रुहीशी तिची ओळख मीच करून दिली.

रात्री जेवणाआधी वाचायला बसले. स्नोकॅटचा एक नियम मला फार आवडला. गाडीतल्या सगळ्यांनी एकत्र उतरायचं आणि एकमेकांसाठी थांबायचं. म्हणजे गट सगळ्यात हळू जाणाऱ्याच्या वेगाने जातो. खरं तर समाजही असाच चालायला हवा.

१९ जानेवारी, रविवार

संक्रांत मंगळवारी झाली, आमची आज. रुहीच्या आईकडे, मृणालिनीकाकूंकडे, गुळाच्या पोळ्या होत्या. बाहेर बर्फ भुरभुरत होता.

काकू आग्रह करकरून वाढतात. कबीरने ताटावर दोन्ही हात धरले. "मावशी, नो मीन्स नो."

"ते तुमच्यात," काकू म्हणाल्या. "आमच्यात नको म्हणजे अजून दोनदा विचारा." आणि त्याच्या बोटांवरच पोळी ठेवली.

"कन्सेंटचं काही आहे की नाही इथे?"

"आहे ना. तूपही घे."

सगळे हसत होते. मग भांडी आवरताना रुही सहज म्हणाली, "गाइज, आयडाहो करूया. सावनीला स्टीप आवडत नाही."

सावनी ताटं विसळत होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हो बाप्पा. मला नाही जमत ते. पोटात गोळा येतो."

"डन," कबीर म्हणाला. तो इतक्या पटकन डन म्हणाला की त्यांचं आधीच बोलणं झालेलं असणार.

ठरवायचं काम माझ्याकडे होतं ना? आणि रुहीने कॉलेजपासूनचं स्वप्न एका ताट विसळण्याच्या वेळात सोडून दिलं. कुणासाठी, तर सावनीसाठी. जिला स्की लावून अजून वर्षसुद्धा झालं नाही. माझ्यासाठी कुणी असं काही सोडलं असतं का, असा विचार मनात आला. चांगला नाही तो विचार, पण या वहीत खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे.

निघताना काकूंनी तिळगुळाचा डबा दिला आणि गालावर हात ठेवला. "जपून गं कृष्णा. हाडं सांभाळ. सावनी असेलच म्हणा जवळ." मी हो म्हटलं. म्हणजे सावनीकडे लक्ष ठेवायचं काम शेवटी माझ्याकडेच येणार.

सावनीने रुहीचा हिरवा स्वेटर घातला होता. तिला तो छान दिसतो. मला हिरवा रंग कधीच शोभला नाही.

२६ जानेवारी

काल पुन्हा टेकडीवर. सकाळभर कबीर माझ्या मागे होता, दुपारनंतर सावनी. मधे मी पाणी प्यायला थांबले तर सावनी आणि रुही गायब. पाहते तर दोघी पलीकडच्या काळ्या पाटीच्या उतारावर. काळी पाटी म्हणजे सगळ्यात कठीण. सावनी तिथेही पडली. उठली, पुन्हा निघाली. रुही खालून ओरडून तिला शिकवत होती.

तिला भीती वाटते म्हणून ट्रिप बदलली आणि आता तिला काळ्या पाटीवर नेऊन भीती घालवताहेत. अख्खा दिवस तिच्यामागे. माझ्या वाट्याला कबीर. तसा तो चांगला आहे. माझ्या मागे न कंटाळता सावकाश येत राहतो. त्याला माझी सोबत आवडत असावी.

तो म्हणाला, "कृष्णा, पिझ्झा कमी कर यार. फ्रेंच फ्राइज." स्कीची टोकं जोडून त्रिकोण करायचा आणि वेग आवरायचा, तो पिझ्झा. दोन्ही सरळ समांतर ठेवायच्या, त्या फ्रेंच फ्राइज. लहान मुलांना असं शिकवतात.

"मी पडते का?" मी विचारलं.

"नाही."

"मग बदलू कशाला?"

तो गॉगल पुसायला लागला. ऑफिसातही माझं हेच म्हणणं असतं. मी इतरांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर तपासते. जे चालतंय त्याला हात लावू नये, जे चालत नाही ते स्पष्ट सांगावं.

२ फेब्रुवारी

सकाळी सांगलीला फोन केला. आई म्हणाली, आवाज बसलाय का तुझा? मी म्हटलं, थंडी आहे. ट्रिपचं सांगितलं नाही. बर्फावरून घसरण्यासाठी मुलगी विमानाने जाते हे तिला कसं सांगणार. बाबा नुकतेच जेवायला बसले होते. ते हळदीच्या पेठेत तोलाईला आहेत, चाळीस वर्षं काटा धरताहेत. काटा कुणाचं तोंड बघत नाही, हे त्यांचं लाडकं वाक्य. आज का कोण जाणे, ते परत परत आठवत राहिलं.

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. शाळेत बाई मला नेहमी म्हणायच्या, कृष्णा, मागे राहणाऱ्यांना बरोबर घेऊन चल. मी घेऊन चालले. पण मागे राहणाऱ्याला तो मागे आहे हे सांगायचंच नाही, ही कसली मदत? बाईंनी असं कधी केलं नाही. त्या तोंडावर सांगायच्या, मगच शिकवायच्या. सावनीला सगळे मिळून जे करताहेत ते लाड आहेत. त्यात तिचाही अपमान आहे.

हे मी सावनीच्या भल्यासाठी म्हणते आहे. पुन्हा वाचून पाहिलं. हो, तसंच आहे.

५ फेब्रुवारी

रुहीला तिच्या क्लिनिकजवळ भेटले. ती फिजिओथेरपिस्ट आहे, दुपारच्या सुट्टीत तिला जेमतेम सँडविच खायला वेळ असतो. मी सरळ मुद्द्यावर आले. एका माणसाला जमत नाही म्हणून बाकीच्यांनी आपलं स्वप्न सोडायचं, हे बरोबर नाही. त्या माणसाला सांगायला हवं.

रुही खायची थांबली. "ओके," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "तू... कुणाबद्दल बोलतेस?"

"सावनीबद्दल. आणखी कुणाबद्दल?"

ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलणार होती. मग टिश्यूने बोटं पुसली. "डोन्ट से एनीथिंग टू हर. प्लीज. इट्स जस्ट अ ट्रिप, कृष्णा. आयडाहो इज फाइन. आय वॉन्ट आयडाहो."

"तुला कोलोरॅडो हवंय. तूच मला सांगितलंयस, कितीतरी वेळा."

"मला तुम्ही सगळे हवे आहात." हे तिने मराठीत म्हटलं. तिचं मराठी मनातलं बोलायचं असलं की बाहेर येतं.

माझे डोळे भरून आले, पण कारण वेगळं होतं. सावनीचा मान राखायला ती माझ्याशी खोटं बोलत होती. इतकी जपते तिला.

९ फेब्रुवारी

आज सावनीला सांगितलं.

ती ओट्याशी पोहे करत होती. मला वही घेऊन बसलेलं बघून म्हणाली, "काय लिहून राहिली तू रोज रोज?" मी वही मिटली आणि सगळं बोलून टाकलं. तुझ्यामुळे रुही कोलोरॅडो सोडते आहे, ती तुला कधी बोलणार नाही, म्हणून मी बोलते. शांतपणे, प्रामाणिकपणे बोलले. आवाज चढवला नाही.

सावनीने गॅस बंद केला. "हे रुहीला माहीत आहे? तू मला सांगणार म्हणून?"

"ती नको म्हणाली. ती कुणाला दुखवत नाही."

"हो, ती नाही दुखवत," सावनी म्हणाली. थोडी हसली. मग बराच वेळ पोहे हलवत राहिली, गॅस बंद असताना. "बरं. मी नाही येत मग."

आमच्यात नको म्हणजे अजून दोनदा विचारा. काकूंचं वाक्य मला त्या क्षणी आठवलं, शप्पथ आठवलं. मी एकदाही विचारलं नाही. मी म्हटलं, "तुझी मर्जी."

तिने दोन ताटल्यांत पोहे वाढले. माझ्या ताटलीत ओलं खोबरं जास्त घातलं, मला आवडतं म्हणून. मग म्हणाली, "ऐक. मी नाही आले तरी आयडाहोच बुक कर."

"का? तू येणार नाहीस ना?"

"तरी तेच कर, कृष्णा. माझं ऐक एवढं."

मी पोहे संपवले. स्वतः येणार नाही, तरी रुहीला तिच्या मनासारखं मिळू द्यायचं नाही. इतका हेवा माणसाने करावा?

१० फेब्रुवारी

कोलोरॅडो बुक केलं, तिघांचं. तिथल्या बाईंनी फोनवर विचारलं, सगळे कठीण उतारावर नीट उतरता ना? मी म्हटलं, दोघं लहानपणापासून स्की करतात आणि मी कधी पडत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

ग्रुपवर लिहिलं: "रुही, हॅपी बर्थडे इन अॅडव्हान्स. कोलोरॅडो. सावनीला यंदा जमत नाहीये." कबीरने फक्त "वाव" लिहिलं. रुहीचा फोन आला.

"बुक केलंस? लाइक, बुक्ड बुक्ड? कॅन्सल नाही होत?"

"नाही होत. कॅन्सल कशाला करायचं?"

"नो, दॅट्स... दॅट्स सो स्वीट, कृष्णा." आवाज अगदी लहान झाला होता. भारावून गेली असणार.

मग मला ऐकू आलं की फोन ठेवल्यावर लगेच भिंतीपलीकडे सावनीचा फोन वाजला. त्या अर्धा-पाऊण तास बोलत होत्या. मी कपड्यांच्या घड्या घातल्या. सगळ्या उलट्या पडल्या, पुन्हा घातल्या.

१ मार्च

मधे काही लिहिलं नाही. घरात सावनी नेहमीसारखी वागते, तेच जड जातं. भांडली असती तर बरं झालं असतं.

आज तिने माझ्या बॅगवर दोन गुलाबी नाड्या आणून ठेवल्या. परकराच्या. चांगल्या चार-चार हात लांब.

"हे काय?"

"बुटाला बांध, पँटच्या आत नाही, बाहेर सोड. खोल बर्फात स्की निघाली तर खाली जाते, दिसत नाही. नाडीचं दुसरं टोक स्कीला बांधायचं. वाचलं मी."

तू कशाला वाचत होतीस, असं विचारणार होते. ती येणार नाही, तिला काय करायचंय? आणि रुहीसमोर परकराच्या नाड्या बांधून उभी राहू? बॅगच्या तळाला टाकल्या.

आज दुपारी ती एकटी टेकडीवर गेली होती. संध्याकाळी तिचा चेहरा उन्हाने लाल झालेला होता, आनंदी होता. मला तिचा तो चेहरासुद्धा सहन झाला नाही.

१३ मार्च, कोलोरॅडो

पोचलो. इथली हवा इतकी विरळ आहे की बॅग उचलली तरी धाप लागते. लाकडी लॉज, बाहेर ती गाडी उभी. लाल रंगाची, पट्ट्यांवरचा बर्फ वितळून टपटप गळतो आहे. आमच्याबरोबर डेन्व्हरची दोन जोडपी आहेत, साठीच्या आसपासची, हसतमुख.

गाइडचं नाव ट्रिश. तिने प्रत्येकाच्या छातीवर एक यंत्र बांधायला दिलं. हिमकडा कोसळून कुणी गाडलं गेलं तर बाकीच्यांनी यंत्राच्या आवाजावरून शोधायचं. एकमेकांना शोधून काढण्याचा सराव केला. रुहीला मी सगळ्यांत आधी शोधलं. तिने मिठी मारली. आता आम्ही तिघंच आहोत, आणि ती माझ्याशी बोलते आहे. हेच हवं होतं मला.

तरी तिने जेवताना तीनदा फोन पाहिला. एकदा स्क्रीनवर सावनीचं नाव दिसलं.

१४ मार्च

जे झालं ते क्रमाने लिहिते.

पहिला उतार ट्रिशने मुद्दाम सोपा निवडला, सगळ्यांना बघून घ्यायला. बर्फ गुडघ्याच्या वर, अगदी पिठासारखा. रुही गेली, कबीर गेला, ती साठीची जोडपी गेली. पोहल्यासारखी वळणं घेत. मग मी निघाले. नेहमीसारखा त्रिकोण केला.

त्रिकोण बर्फात रुतला. दोन्ही स्की दोन दिशांना खाली गेल्या आणि मी तोंडावर पडले. उठायला हात टेकला तर हाताला जमीनच लागेना. दंड आत गेला, खांदा गेला, तरी खाली काहीच नाही. एक स्की निघाली होती, ती कुठेच दिसेना. सगळे वर चढत परत आले, त्या दोन्ही जोडप्यांसकट, आणि काठ्यांनी बर्फ टोचत शोधायला लागले. डेन्व्हरच्या एका बाईंच्या बुटांना केशरी फिती बांधलेल्या होत्या. ट्रिशने मला विचारलं, "कुणी सांगितलं नाही का असलं काही बांधायला?"

स्की सापडली. पुन्हा निघाले, पुन्हा पडले. मग पुन्हा. न पडता मी जितकं अंतर गेले ते आमच्या घराच्या हॉलएवढं असेल.

खाली गाडीत बसल्यावर ट्रिश माझ्यासमोर बसली. बोलली ती प्रेमाने, पण सरळ. या बर्फात वेग लागतो, त्रिकोण चालत नाही. पुढचे उतार याहून तीव्र आहेत. "तू नेहमी अशीच उतरतेस?"

"मी कधी पडत नाही," मी म्हटलं. ते वाक्य माझ्या कानाला पहिल्यांदाच विचित्र लागलं.

"हळू गेलं की माणूस पडत नाही," ती म्हणाली. तिने सांगितलं की मी गाडीतच बसावं. गाडी वर जाईल, खाली येईल, मी आतून बघू शकते.

ती उतरून पुढे ड्रायव्हरपाशी बसायला गेल्यावर कबीर खिडकीकडे बघत म्हणाला, "म्हणून तर सावनी हवी होती यार. शी इज द पेशंट वन."

"कबीर," रुही म्हणाली.

"व्हॉट? आता तरी सांग तिला."

रुहीने सांगितलं. टेकडीवर त्यांच्या पाळ्या ठरलेल्या असायच्या, माझ्या मागे कुणी राहायचं त्याच्या. सावनी सगळ्यात जास्त घ्यायची. आयडाहो ठरलं ते माझ्यासाठी. माझं नाव कसं घ्यायचं कुणाला कळेना, तेव्हा सावनी म्हणाली, माझं नाव सांगा, मला काय फरक पडतो, पडते तर मीच आहे. आयडाहोत माझ्या मागे ती राहणार होती. खोल बर्फाचं सगळं तिने त्यासाठी वाचून ठेवलं होतं.

"मला का नाही सांगितलं?"

"तू इतकी खूश असायचीस," रुही म्हणाली. "न पडल्याबद्दल. दर वेळी खाली येऊन तेच सांगायचीस. आय कुडन्ट." तिचे डोळे लाल झाले होते. "आय शुड हॅव. आय नो."

लाज वाटली हे लिहायला हवं, पण सगळ्यात आधी जे वाटलं ते वेगळंच होतं. मला पुन्हा सावनीचा हेवा वाटला. ती सगळ्यांसमोर स्वतःला भित्री म्हणवून घेऊ शकली आणि तिचं काहीच कमी झालं नाही. मला ते आयुष्यात जमलेलं नाही.

गाडी वर पोचली. मागचं दार उघडलं, लख्ख ऊन आत आलं. पलीकडे तो उतार होता, रुहीने कॉलेजपासून ज्याचे फोटो जपले तो. एक रेघसुद्धा नव्हती त्याच्यावर. सगळे उतरले. रुही बसून राहिली. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं.

"मी बसते तुझ्याबरोबर," ती म्हणाली.

"नको. तू जा."

"नो, रिअली. मला नाही वाटत जावंसं."

"नको, रुही."

बाहेर ट्रिश वाट बघत होती. रुहीने माझा हात धरला. "बर्थडे माझा आहे. मला जे हवं ते. मी बसू?"

जानेवारीपासून मला हेच हवं होतं. तिने माझ्यासाठी काहीतरी सोडावं, आणि ते मला दिसावं. ती खरंच सोडत होती. मी म्हटलं, "नको." काकूंच्या हिशेबाने तिसरं नको. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नकोचा अर्थ नको असाच होता.

तिने हेल्मेट घातलं. दार बंद झालं. मी काचेला नाक लावून बघत होते. पांढऱ्यावर एक निळसर रेघ उमटत गेली, वळली, पुन्हा वळली, आणि खाली झाडांत शिरली. इतकं सुंदर काही मी जवळून पाहिलेलं नाही. जळत होते आणि बघत होते.

गाडी उतरायला लागली. मागे मी एकटी आणि सगळ्यांच्या पिशव्या. हातमोजे शोधायला बॅगेत हात घातला तर तळाशी नाड्या लागल्या.

१६ मार्च, रविवार

विमानतळावर घ्यायला सावनी आली होती. रुहीने धावत जाऊन आधी तिला मिठी मारली. मला वाईट वाटलं. थोडं. मग मी बॅगा उचलल्या.

रुही-कबीरला सोडून आम्ही दोघीच कारमध्ये राहिलो. तिला सगळं कळलं होतं, रुहीने कळवलं असणार. मी वाक्य तयार केलं होतं, चांगलं लांब, मुद्देसूद. त्यातलं एकही आठवेना.

"पुढच्या वर्षी आयडाहोला जाऊ," मी म्हटलं. "तू येशील?"

"नको."

सिग्नल लाल होता. वायपर एकदाच फिरला.

"मी मागे राहीन. तू पुढे जा. मी पडत पडत येईन."

"नको म्हटलं ना कृष्णा. तू मला काय म्हणालीस माहीत आहे? तुझी मर्जी. पोहे करून राहिले होते मी तुझ्यासाठी, आणि तू म्हणालीस तुझी मर्जी."

"हो."

"हो काय?"

"म्हणाले."

सिग्नल सुटला. आमचा रस्ता आला, तिने गाडी वळवली, पार्किंगमध्ये लावली आणि किल्ली न काढता बसून राहिली.

"सावनी, येशील?"

"तीन झाले तुझे," ती म्हणाली. "नकोच आहे."

मी मान हलवली. तिने डिकी उघडली. माझी बॅग तिनेच ओढून काढली. वरच्या कप्प्यातून एक गुलाबी टोक बाहेर लोंबत होतं. तिने ते पाहिलं, ओढून पाहिलं. नाडीला अजून घडी होती, गाठ एकही पडलेली नव्हती.

"बांधल्याच नाहीस."

"नाही."

"वेडी आहेस," ती म्हणाली. नाडी हाताला गुंडाळत जिना चढायला लागली. मी तिच्या मागे होते. पहिल्या मजल्यावर ती थांबली, मी पोचेपर्यंत.

उद्या चौथ्यांदा विचारणार आहे. सकाळी पोहे मी करते.